10 पट भिंग: उंबराचं फूल बघायचं असेल तर घ्या

सराफ हिरे तपासायला वापरतात ते घडीचं भिंग मी गेल्या वर्षी पुण्याच्या रविवार पेठेत घेतलं. 10 पट, 21 मिलिमीटरचं, तीन काचा एकत्र चिकटवलेलं, 650 रुपयांना. दुकानातल्या काकांनी विचारलं, "सोनं बघायचंय की हिरे?" किडे बघायचेत म्हटल्यावर त्यांनी आणखी दोन डब्या उघडल्या आणि त्यातली सर्वांत स्वच्छ काच निवडून दिली. त्याआधी ऑनलाइन मागवलेल्या प्लास्टिकच्या भिंगावर 30 पट छापलेलं होतं, पण त्यातून सगळ्याच्या कडेला निळे-तांबडे पट्टे दिसायचे.

मी सहावीला विज्ञान शिकवते. नुसत्या चित्रांवरून सहजीवन शिकवून मुलांच्या डोक्यात काही राहत नाही, म्हणून हा खर्च केला.

आमच्या कर्वेनगरच्या घरामागे दत्ताचं देऊळ आहे, त्याच्या पारावर उंबर. उंबराला फळं खोडालाच लगडतात, त्यामुळे झाडावर चढायला नको. नुकतं रंगायला लागलेलं एक फळ मी अलगद उकललं आणि भिंग लावलं. आपण उंबराचं फूल म्हणतो ना, कधीच न दिसणाऱ्या माणसाला? ते फूल फळाच्या आतच असतं, एक नाही, शेकडो. तोंडाशी पुंकेसरांची, बाकी आतल्या भिंतीला दाटीने स्त्रीफुलं. आणि त्यांच्यामधून केंबरं फिरत होती.

केंबरं म्हणजे चिलटासारखी दिसणारी इवलीशी गांधीलमाशी. मादी फळाच्या टोकाच्या चिंचोळ्या भोकातून आत घुसते, त्यात तिचे पंख तुटतात. काही फुलांत ती अंडी घालते, काहींवर सोबत आणलेला पराग टाकते आणि आतच मरते. तिच्या पिल्लांतले नर बिनपंखांचे, पिवळट. ते आधी बाहेर येतात, माद्यांशी मिलन करतात, फळाला बोगदा पाडतात आणि संपतात. माद्या पराग घेऊन त्याच बोगद्यातून दुसऱ्या उंबराकडे उडतात. उंबराला ही माशी नसेल तर बी नाही, माशीला उंबर नसेल तर पिल्लू नाही.

फळाच्या बाहेर मात्र वेगळाच कारभार चालला होता. शरीरापेक्षा लांब सुई असलेली एक दुसरी माशी सालीवर उभी राहून ती सुई आत खुपसत होती. पराग न आणता अंडी घालणारी ही जात. तिची वाकलेली सुई मी दोन मिनिटं श्वास रोखून बघितली. तेवढ्यात एक मुंगी चालून आली आणि ती उडाली.

गॅलरीतल्या जास्वंदीवरचा मावा नावाचा किडाही बघा. मुंगी मिशांनी त्याच्या पाठीवर थापटते आणि गोड थेंब टिपते. त्या बदल्यात ती मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावते. मावा घालवायचा तर आधी मुंग्यांची वाट अडवा, हे मला हे बघितल्यावर कळलं.

वापरायची रीत: भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि वस्तू जवळ आणा, काचेपासून साधारण अडीच सेंटिमीटरवर. हात लांब करून धरलंत तर काही दिसणार नाही. ऊन पाठीमागून यायला हवं.

उणिवा आहेत. बिजागरीचा स्क्रू तीन महिन्यांत ढिला झाला, तो गल्लीतल्या घड्याळजींनी आवळून दिला. चष्म्यावरून बघताना दिसणारं वर्तुळ लहान होतं. आणि वेताळ टेकडीवरच्या बांडगुळाशी फुलटोच्या पक्षी आला तर भिंगाचा उपयोग शून्य, तिथे दुर्बीण हवी.

शाळेसाठी घेणार असाल तर दोन घ्या. माझं भिंग पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत पोचायच्या आत तास संपतो, आणि उकललेल्या उंबरातली केंबरं तोवर थांबत नाहीत.