बाख, मोत्सार्ट की बेथोवन : सुरुवात कोणापासून करावी?

पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकावेसे वाटते, पण त्यात शिरावे कोठून हे उमगत नाही, अशी अडचण हिंदुस्थानी संगीतावर वाढलेले अनेक रसिक बोलून दाखवतात. मीही त्यांच्यापैकीच एक होतो. मला पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नाही आणि कोणतेही वाद्य वाजवता येत नाही. बरीच वर्षे केवळ कानाने जे साठवले, त्याच्याच आधारावर बाख, मोत्सार्ट आणि बेथोवन या तिघांची ही तुलना मी करतो आहे. तिघांत थोर कोण, हा वाद मी येथे घालणार नाही. ज्याचा कान तानपुऱ्यावर घडला आहे आणि ज्याला दिवसाकाठी अर्धा तास मोकळा मिळतो, त्याने पहिले पाऊल कोठे टाकावे, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न आहे, आणि माझे उत्तर बाख हे आहे.

हे उत्तर ऐकून जाणकार कदाचित चमकतील, कारण योहान सेबास्टियन बाख (1685–1750) हा अवघड आणि हिशेबी संगीतकार म्हणून ओळखला जातो. परंतु त्याने एकट्या चेलोसाठी, म्हणजे व्हायोलिनच्या जातीच्या मोठ्या, खर्जातल्या तंतुवाद्यासाठी, लिहिलेल्या सहा रचनांपैकी पहिलीचा आरंभीचा भाग ऐकावा. तो जेमतेम अडीच मिनिटांचा आहे, त्यात साथीला कोणीही नाही, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच आपल्या कानाला ओळखीचे काहीतरी सापडते. खालून दुसरी मोकळी तार छेडली जाते, तिलाच आपण षड्ज मानू. त्यावर प आणि वरचा ग येतात. पुढच्या खंडात तोच सा, पण वर ध आणि म. मग तोच सा, वर नी आणि म. आणि चौथ्या खंडात पुन्हा सा, सा, ग. खाली षड्ज अढळ आहे आणि वरचे स्वर श्वास घ्यावा तसे उलगडून परत मिटतात. मी हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा वादक एक आहे की दोन, याचा मला बराच वेळ उलगडा होईना. पुढे षड्जाचा हा आधार सुटतो, स्वर दूरवर भटकून येतात, शेवटाकडे एकेका अर्धस्वराने चढत जाणारी एक ओळ येते आणि मग सारे पुन्हा त्या पहिल्या सुरावर विसावते. आलापीत घराबाहेर पडून समेवर परतण्याचा जो आनंद आपण जाणतो, त्याच्या फार जवळचा हा अनुभव आहे. या रचना दीर्घकाळ बहुतांशी सरावाचे धडे म्हणूनच ओळखल्या जात. पाब्लो कासाल्स या चेलोवादकाला वयाच्या तेराव्या वर्षी बार्सिलोनातील एका दुकानात त्यांची प्रत मिळाली, त्याने त्या आयुष्यभर वाजवल्या आणि 1936 ते 1939 या काळात त्या सर्व ध्वनिमुद्रित केल्या. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. जुने आहे, खरखरते, तरीही सुरुवातीला तेच ऐकावे असे मला वाटते.

बाखची अडचण पुढे येते. त्याच्या फ्यूग या रचनाप्रकारात एक छोटा मुखडा एका आवाजात सुरू होतो, तो पुरा होताच दुसरा आवाज तोच मुखडा वेगळ्या सुरावर उचलतो, मग तिसरा, आणि हे सारे आवाज एकाच वेळी आपापल्या वाटेने चालत राहतात. एका गायकाच्या मागे मन लावून जाण्याची सवय असलेल्या आपल्या कानाला कोणाच्या मागे जावे तेच कळत नाही. 1722 मध्ये त्याने बाराही स्वरांवर, प्रत्येकावर एक मेजर (आपल्या बिलावलासारखे स्वर) आणि एक मायनर (कोमल गंधाराचे स्वर), असे प्रेल्यूड म्हणजे प्रास्ताविक तुकडा आणि फ्यूग यांचे 24 जोड पूर्ण केले. तो ग्रंथ अतिशय मोलाचा आहे, परंतु नव्या श्रोत्याने तो वर्षभराने उघडावा.

बेथोवनकडे (1770–1827) वळताना मुद्दा येतो तो बढतीचा. त्याची पाचवी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना, तीन आखूड आणि एक लांब अशा चार स्वरांनी सुरू होते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु पुढची सात-आठ मिनिटे तो जवळजवळ केवळ त्या चार स्वरांवरच काम करतो, त्यांना फिरवतो, ताणतो, कुजबुजायला लावतो, हे बसून ऐकल्याशिवाय लक्षात येत नाही. बंदिशीचा एवढासा मुखडा घेऊन तासभर राग मांडणाऱ्या गवयाची आठवण होते. माझा सर्वांत आवडता क्षण तिसऱ्या भागाच्या अखेरीस आहे. तंतुवाद्ये दबक्या आवाजात सूर धरून राहतात, टिंपनी या नगाऱ्यांवर तो लयीचा ठोका हलकेच पडत राहतो, काळोखात कोणी दार चाचपावे तसा बराच वेळ जातो, आणि मग मध्ये न थांबता चौथा भाग मेजरमध्ये उसळून येतो. तोवर गप्प बसलेले ट्रॉम्बोन (फुंकून वाजवायचे पितळी वाद्य) आणि पिकोलो (छोटी, तीव्र सुराची बासरी) याच क्षणासाठी राखून ठेवलेले असतात. 22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्नात पाचवी आणि सहावी या दोन्ही सिंफनी एकाच मैफिलीत प्रथम वाजल्या. त्या मैफिलीत चार तास थंडीने गारठत श्रोते बसले होते.

मग बेथोवन पहिला का नको? कारण तो श्रोत्याकडून पुष्कळ मागतो. पाचवी सिंफनी सुमारे 33 मिनिटांची, नववी तासाहून मोठी, आणि दोन्हींत अगदी हळू आणि अगदी मोठ्या आवाजातले अंतर इतके आहे की लोकलमध्ये इयरफोन लावून ऐकताना मला टिंपनीचा तो सारा भाग ऐकूच आला नव्हता. त्याला सभागृह हवे. मुंबईकरांना नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये ही सोय आहे. तेथील सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 मध्ये स्थापन झाला. ज्याला असे प्रत्यक्ष वादन ऐकण्याची संधी जवळ आहे, त्याने माझा क्रम मोडून बेथोवनपासून सुरुवात केली तरी मी त्याला अडवणार नाही.

मोत्सार्ट (1756–1791) तिघांत सर्वांत लवकर आवडतो. त्याच्या 1788 मधील चाळिसाव्या सिंफनीचा आरंभ आपल्याकडे अनेकांना आधीच पाठ असतो, कारण सलील चौधरींनी 1961 च्या ‘छाया’ चित्रपटातील तलत आणि लता यांच्या गीताची चाल त्यावर बांधली. परंतु या गोडव्यामुळेच कान सैल पडतो आणि मोत्सार्ट मागे वाजत राहणारे संगीत होऊन बसतो, असा माझा अनुभव आहे. त्याचे खरे दुःख उघडून पाहायचे असेल तर तेविसाव्या पियानो कॉन्चेर्टोचा, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्या रचनेचा, मधला संथ भाग ऐकावा, जेथे पियानो सुरुवातीला एकटाच बोलतो. नाट्यसंगीतावर प्रेम करणाऱ्यांसाठी मात्र माझा सल्ला वेगळा आहे. 30 सप्टेंबर 1791 रोजी, मृत्यूच्या दोनच महिने आधी, रंगमंचावर आलेला त्याचा ‘मॅजिक फ्लूट’ हा ऑपेरा आपल्या संगीत नाटकासारखाच गद्य संवाद आणि मधून मधून गाणी अशा बांधणीचा आहे. पदासाठी जागा कशी तयार होते, हे ज्याला बालगंधर्वांच्या परंपरेतून ठाऊक आहे, त्याला तेथे परके वाटणार नाही.

भावगीतांच्या चाहत्यांनी तिघांनाही बाजूला ठेवून शूबर्टची गाणी घ्यावीत. अवघ्या 31 वर्षांच्या आयुष्यात त्याने 600 हून अधिक गाणी लिहिली. मुख्यतः पियानोसाठी लिहिणारा शोपँ ज्यांना आवडेल त्यांना तो कोणी न सांगता आवडतो.

निर्णय तरीही होत नसेल, तर तिघांना एकाच बैठकीत चाखण्याचा एक मार्ग आहे. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या तबकडीवर बाखचे तीन, बेथोवनचे दोन आणि मोत्सार्टचा एक तुकडा आहे, आणि त्यांच्याच पंक्तीत गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. मैफल भैरवीने संपते, ही आपली रीत. त्या तबकडीवर मात्र केसरबाईंनंतर आणखी एक अमेरिकन गाणे येते आणि सर्वांत शेवटी बेथोवनच्या तेराव्या चौकडीतील ‘कॅव्हटिना’, म्हणजे बहिरेपणात लिहिलेला चार तंतुवाद्यांचा एक संथ भाग. भैरवी संपल्यावर लगेच यंत्र बंद न करता तो ऐकावा.