धिंगरीचा तयार संच: पेंढा चोख, माहितीपत्रक चुकीचे

धिंगरी अळिंबीचा (ऑयस्टर मशरूमचा) ऑनलाइन मागवलेला हा संच म्हणजे ओलसर भाताचा पेंढा आणि गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेले स्पॉन (अळिंबीचे बियाणे) थरांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी. धिंगरी मुळात मृत लाकडावर जगणारी, पांढरी कूज घडवणारी (लाकूड कुजवून फिकट करणारी) बुरशी असल्यामुळे तिला खत किंवा माती लागत नाही. आपली विकरे (एन्झाइम) ती आपल्या धाग्यांसारख्या तंतूंच्या बाहेर सोडते: लॅकेज आणि मँगनीज पेरॉक्सिडेज लिग्निनचे, म्हणजे पेंढ्याला चिवटपणा देणाऱ्या घटकाचे, आवरण फोडतात, एंडोग्लुकानेज सेल्युलोजची, म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची, साखळी मधेच तोडते, सेलोबायोहायड्रोलेज तिच्या टोकांकडून दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या सोडवते आणि बीटा-ग्लुकोसिडेज त्या जोड्यांचे सुटे ग्लुकोज करते, जे मग तंतू शोषून घेतात.

हे सगळे पाण्यातच घडते, म्हणून संचाची खरी पारख पेंढ्यावरून करावी. या बाबतीत विक्रेत्याने हात आखडता घेतलेला नाही. तुकडे बोटभर लांबीचे आहेत, गरम पाण्याची प्रक्रिया नीट झालेली दिसते आणि मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकत नाही. कवकजाल, म्हणजे बुरशीच्या तंतूंचे जाळे, पिशवीभर एकसारखे पसरले. पिवळा, चिवट पेंढा फिकट पडून बोटांनी चुरडावा इतका मऊ झाला. अळिंबी भरपूर आली.

माहितीपत्रक मात्र कोणा जाणकाराने वाचलेले दिसत नाही. जोमदार वाढीसाठी पिशवीवर गुळाचे पाणी फवारावे, असे त्यात सुचवले आहे. आयती साखर मिळाली की बुरशी सेल्युलोज तोडणारी विकरे बनवणे आवरते घेते, शिवाय त्या साखरेवर हिरवी बुरशी, म्हणजे ट्रायकोडर्मा, आधी ताबा मिळवते. साधे पाणी पुरेसे आहे. हवेत 80 ते 85 टक्के आर्द्रता राहिली पाहिजे, एवढेच.

पिशवीवर छापलेले वजन ओल्या पेंढ्याचे आहे आणि त्यात निम्म्याहून अधिक पाणीच असते, हेही खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. एक किलो कोरड्या पेंढ्यापासून साधारण 600 ग्रॅम ते एक किलो ताजी अळिंबी मिळते, तेव्हा किमतीचा हिशेब त्यावरूनच करावा. शहरातल्या सदनिकेत राहणाऱ्याने हिवाळ्यात हा संच जरूर घ्यावा. ज्याच्या घरी पेंढा पडून आहे, त्याने नुसते स्पॉन विकत घेतलेले परवडेल.