तुर्भ्याच्या गोदामात कॉफी? मग हवाबंद लायनर घ्याच, पण वापर नीट करा

ज्यूटच्या गोणीत घालायच्या बहुथरी प्लास्टिकच्या लायनरबद्दल आधीच सांगून टाकतो: पावसाळ्यात न्हावा-शेव्यातून कच्ची कॉफी जाणार असेल तर हा खर्च टाळू नका. मात्र लायनर कॉफी वाळवत नाही. आत जेवढी ओल, तेवढीच तो सांभाळतो.

१२ टक्के ओलावा असलेली बी साधारण ६० ते ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत स्थिर राहते. जुलैत तुर्भ्याची हवा ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे नुसत्या ज्यूटमधला माल ओल ओढतच राहतो. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेची कमाल मर्यादा १२.५ टक्के आहे, म्हणजे हाताशी उरतो अर्धा टक्का. त्यापुढे बुरशी आणि तिच्यातून तयार होणाऱ्या ऑक्रॅटॉक्सिन या विषाचा धोका. भाजलेल्या कॉफीतली त्याची मर्यादा युरोपीय संघाने २०२३ पासून किलोमागे ५ वरून ३ मायक्रोग्रॅमवर आणली, आणि आपले मोठे गिऱ्हाईक इटली, जर्मनी, बेल्जियम. ब्राझीलचं पीक, डॉलरचा भाव, जहाजभाडं यांचा निर्यातीवर जबर परिणाम होतो, पण त्यातलं काहीच आपल्या हातात नाही. ओलावा आहे.

त्यात २०२३ च्या अखेरीपासून बरीच जहाजं लाल समुद्र टाळून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केपला वळसा घालू लागली. युरोपचा प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला की कंटेनरच्या छताला घाम सुटायलाही तेवढाच जास्त वेळ मिळतो. सुएझ कालवा होण्याआधी याच वाटेवर मलबारची कॉफी ओल खाऊन पिवळी पडायची आणि तिची चव बदलायची. मॉन्सून्ड मलबार नावाची कॉफी त्याच चवीसाठी आजही मुद्दाम तयार करतात. बाकी मालाला ती चव म्हणजे सरळ भावात कपात.

भरण्याआधी दहा-बारा गोण्यांचा ओलावा मोजा. मीटर कॉफीवर लावलेला हवा, गव्हाच्या सेटिंगवरचा आकडा फसवतो. १२ च्या वरचा माल बाजूला काढून पुन्हा वाळवा. तो तसाच बंद केला तर उन्हात तापलेल्या कंटेनरमध्ये आतल्या आत घामेजतो आणि आंबूस वास धरतो. ६० किलो भरल्यावर वर हातभर लायनर मोकळा ठेवा. हवा दाबून काढा, तोंड घट्ट पिळा, दुमडा आणि दोन जागी केबल टायने आवळा. नुसती सुतळीची गाठ हवा थोपवत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते परखीमुळे (गोणीत खुपसून नमुना काढायची टोकदार नळी) आणि हमालीच्या हुकामुळे. ज्यूटवरून मारलेली परखी लायनरलाही भोक पाडते, आणि भोक पडलेला लायनर नसल्यासारखाच. नमुना गोणी शिवण्याआधी तोंडातूनच घ्या, आणि माथाडींना हूक न लावता उचलायला आधीच सांगा, त्याची जास्त मजुरी ठरवून.

कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या पट्ट्या आणि छताखाली क्राफ्ट कागद तरीही लागतोच. वापरलेला लायनर पुन्हा घेणार असाल तर त्यात हवा भरून तोंड पिळा आणि दाबून बघा. फुगा बसला तर तो निर्यातीच्या मालाला वापरू नका.