पचौली तेल: अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

पचौली नावाच्या झाडाच्या पानांचं हे वासाचं तेल मी घेतलं ते मुळात साड्यांच्या कपाटासाठी. बेळगावचा पावसाळा ज्यांना माहितीय त्यांना वेगळं सांगायला नको, जूनला लागला की सप्टेंबरपर्यंत कपडे धड वाळत नाहीत, लाकडी कपाट उघडलं की कुबट वास, आणि माझं माहेर खानापूरकडं, तिथं तर भिंतीलाच बुरशी. डांबरगोळ्या घातल्या की लग्नाला नेसलेल्या शहापूरच्या साडीलासुद्धा डांबरगोळीचाच वास, म्हणून हे ऑनलाइन मागवलं.

तेल दाट आणि गडद तांबूस असतंय, ड्रॉपरमधून काकवीसारखं सावकाश उतरतंय. (लोखंडी भांड्यात काढलेलं तेल जास्त काळपट होतं, त्यामुळं रंगावरून लगेच खोटं म्हणू नका.) पहिला वास मला अजिबात आवडला नाही. ओली माती, जुनं लाकूड, थोडा कापूर, सगळं एकदम नाकात शिरतंय. आत्ती तर म्हणाल्या, "हे काय गं, धान्याच्या कोठीचा वास येतोय!" पण अर्ध्या तासानं तोच वास मऊ होतो, गोडसर होतो. आणि हे तेल जुनं होईल तसं सुधारतं, लिंबू-संत्र्याची तेलं ठेवून ठेवून उतरतात, त्याच्या एकदम उलट. माझ्या बाटलीचा आताचा वास सुरुवातीपेक्षा खरंच चांगलाय.

कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब, बोळा मलमलच्या कापडात बांधायचा आणि कपाटाच्या कोपऱ्यात ठेवायचा, साडीला टेकवायचा नाही कारण डाग पडतो. कुबट वास दबला आणि कपड्यांना कसर लागली नाही. एक मात्र आहे, वास दबतो, ओल जात नाही, त्यामुळं ऊन पडलं की कपाट उघडं टाकायचंच. ही युक्ती काही नवी नाही, एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपला जायच्या तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांत पचौलीची वाळकी पानं घालायचे, मग तिकडच्या बायका त्या वासावरूनच शाल अस्सल का नक्कल ते ओळखायला लागल्या, आणि नक्कल करणारे आपल्या शालींनाही तोच वास लावायला लागले! झाड तुळशी-पुदिन्याच्या कुळातलं, तेल वाळलेल्या पानांपासून वाफेवर काढतात, आणि सगळ्यात जास्त इंडोनेशियातून येतं. आपल्याकडं घाटात पांगळी दिसते ना, ती ह्याच गणातली.

डिफ्युझरमध्ये (खोलीत वास पसरवायचं यंत्र) एकटं घालू नका, बंद खोलीत डोकं चढतं, ह्यांनी तर खिडक्याच उघडल्या. लव्हेंडर नाहीतर संत्र्याबरोबर एखादा थेंब पुरे. ह्याचा खरा गुण इथं कळतो, संत्र्याचा वास एरवी लगेच उडून जातो पण पचौली सोबत असली की बराच वेळ टिकतो, अत्तर-परफ्युमवाले तळाला हेच का घालतात ते समजलं.

आता त्वचेचं. केस वाढतात, सुरकुत्या जातात असलं काय काय लिहिलेलं असतंय, मला त्यातलं काही दिसलं नाही. टाचेच्या भेगांना खोबरेल तेलात घालून लावलं, टाचा मऊ झाल्या, पण ते काम खोबरेलाचंच म्हणा की. लावायचंच तर ३० मिली खोबरेलात ५-६ थेंब, त्याहून जास्त नको, आणि आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबायचं. पोटात अजिबात घ्यायचं नाही. डासांसाठी पण ह्याच्या भरवशावर राहू नका, मच्छरदाणी लावा.

घेताना बाटलीवर पोगोस्टेमॉन कॅब्लिन हे पचौलीचं शास्त्रीय नाव आहे का बघा. नुसतं 'फ्रॅग्रन्स ऑइल' (म्हणजे कृत्रिम वासाचं तेल) लिहिलेलं असेल तर ते वेगळं प्रकरण, स्वस्त असतं पण कपाटात दोन दिवसांत वास गायब, माझ्या जावेनं तसलंच घेतलं आणि आता माझ्याकडं थेंब मागायला येते. १० मिलीची बाटली घ्या, वर्षभर तरी संपत नाही.