फोंड्याच्या कथा-कार्यशाळेत सद्गुणी पात्रांची झाडाझडती

गोव्यातल्या मराठी कथेत एक मुंडकार बाई, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारी, हटकून भेटते. विधवा, सोशिक, दुसऱ्याच्या माडाखाली पडलेला नारळही न उचलणारी. समोर भाटकार, म्हणजे जमीनमालक, नखशिखान्त दुष्ट. फोंड्यात शनिवार-रविवार भरणारी पात्ररचनेची ही कार्यशाळा नेमका या जोडीला हात घालते, आणि तेवढ्यासाठी तरी ती करावीच.

जाताना पंधराशे शब्दांपर्यंतचा स्वतःचा कच्चा खर्डा न्यायचा. पहिलं काम लाल पेनाचं. निवेदकाने मुख्य पात्राची केलेली प्रत्येक शिफारस (निष्पाप, मायाळू, कष्टाळू) खोडायची आणि ते पात्र कथेत काय काय करतं ते एका ओळीत लिहायचं. बऱ्याच खर्ड्यांत त्या ओळीत एकच क्रियापद उरतं: सोसते. ज्या पात्रावर काही ठरवायची वेळच येत नाही ते आपोआप आदर्श होऊन बसतं, हे इथे स्वतःच्याच कागदावर दिसतं.

दोषांवरचं दुपारचं सत्र सगळ्यांत भक्कम. विसराळूपणा किंवा ‘तोंडाने फटकळ पण मनाने निर्मळ’ हे दोष बाद, कारण त्यांची झळ कुणालाच बसत नाही. दोष गुणाच्याच मुळातून फुटावा आणि त्यात दुसऱ्याचं नुकसान व्हावं, हा इथला आग्रह. फळ्यावरचं उदाहरण असं: मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणाऱ्या १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली बाई मामलेदाराकडे घराची नोंद करायला निघते. मुलांच्या डोक्यावर छप्पर राहावं ही तळमळ खरी. तलाठी पाहणीला येतो आणि विचारतो, घरात आणखी कोण? मागच्या पडवीत दिराची ट्रंक आहे, दोरीवर त्याचा शर्ट वाळतोय. बाई शर्ट काढून घडी घालते आणि सांगते, “हांव आनी भुरगीं.” (मी आणि मुलं.) तिची माया आणि तिचा अन्याय एकाच वाक्यात येतात, आणि दीर परतल्यावर लेखकाला तिची सुटका करता येत नाही. हा दोष कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच पेरायचा. शेवटच्या परिच्छेदात आणला तर नुसतं धक्कातंत्र होतं.

दुसऱ्या दिवशी पाळी भाटकाराची. तोच प्रसंग त्याच्या तोंडून दोनशे शब्दांत लिहायचा आणि त्यातली, बाईला ज्यांना उत्तर देता येणार नाही अशी दोन वाक्यं मूळ खर्ड्यात घालायची. पाडेली (नारळ पाडणारा) मिळत नाही, भावांचा वाटणीचा दावा कोर्टात पडून आहे, अशी वाक्यं. भाटकाराची एखादी बाजू पटली की बाईला एकटीने सगळा चांगुलपणा वाहावा लागत नाही. तिची स्तुती करण्यापुरतीच येणारी शेजारीणही इथेच गळते.

उलट्या टोकाचा इशाराही वेळेवर मिळतो. आदर्शपणा घालवायचा म्हणून सगळ्यांच्या हाती बाटली दिली, प्रत्येकाचं लफडं काढलं, तर पात्रं तितकीच सपाट राहतात.

उणी बाजू दोन ठिकाणी. भाषेला शेवटचा अर्धा तास, तोही घाईत. आपल्याकडे गुणी पात्र पाठ्यपुस्तकी मराठी बोलतं आणि लबाड पात्राच्या तोंडी मात्र कोंकणी येते; हा पक्षपात विशेषणांइतकाच घातक आहे, त्याला पूर्ण सत्र हवं होतं. शिवाय गट मोठा असल्याने वैयक्तिक शेरे दोन-तीन ओळींचेच मिळतात.

कादंबरीवाल्यांनी थांबावं, सगळे सराव लघुकथेच्या मापाचे आहेत. कथा लिहिणाऱ्यांनी मात्र नवा खर्डा न नेता, संपादकाकडून ‘छान आहे’ म्हणून परत आलेला न्यावा. एका ओळीची मोकळी जागा ठेवून, कागदाच्या एकाच बाजूला छापलेला, कारण खोडाखोड भरपूर होते.