शिकाऊ ऑप्टोमेट्रिस्टकडून डोळे तपासून घेताना : पुण्यातील एका अध्यापन रुग्णालयाचा अनुभव

माझी ७२ वर्षांची आई पुण्यात बहिणीकडे राहते. तिच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी पुण्यातीलच एका नेत्ररुग्णालयात झाली आणि पुढील तपासण्याही तेथेच चालू आहेत. या रुग्णालयाला ऑप्टोमेट्रीचे, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याच्या शास्त्राचे, महाविद्यालय जोडलेले आहे. त्यामुळे ओपीडीत रुग्णाला आधी भेटतो तो इंटर्न, म्हणजे बी.ऑप्टोम. या ऑप्टोमेट्रीच्या पदवीच्या चार वर्षांपैकी शेवटचे वर्ष प्रत्यक्ष रुग्ण तपासून शिकणारा विद्यार्थी. गेल्या वर्षभरात मी आईला एकदा आणि नऊ वर्षांच्या भाचीला दोनदा तेथे घेऊन गेलो. मी स्वतः सांगलीत २० वर्षे ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करतो आणि माझ्या दवाखान्यातही इंटर्न असतात, त्यामुळे माझे अर्धे लक्ष आईकडे आणि अर्धे तिला तपासणाऱ्या मुलाकडे होते. खाली ज्यांच्याविषयी लिहिले आहे ती मुले अजून शिकत आहेत आणि त्यांच्या चुका त्यांच्या नावाला चिकटू नयेत असे मला मनापासून वाटते, म्हणून रुग्णालयाचे नाव लिहीत नाही.

नोंदणीच्या खिडकीवरच आम्हाला स्पष्ट सांगण्यात आले, की आज विद्यार्थी तपासतील, त्यांच्यानंतर मॅडम स्वतः पुन्हा पाहतील, वेळ दीड ते दोन तास लागेल आणि विद्यार्थ्याकडून तपासून घ्यायचे नसेल तर तसे सांगावे. ही चार वाक्ये अनेक ठिकाणी कोणी उच्चारत नाही. रुग्णाला समोरचा मुलगा पूर्ण शिकलेला आहे असे वाटत राहते आणि मध्येच कोणी वरिष्ठ येऊन भिंगे बदलू लागले, की त्याचा सगळ्यांवरचाच विश्वास उडतो. आईने आनंदाने होकार दिला. मी माझा व्यवसाय सांगितला नाही, कारण तो कळला असता तर त्या मुलाचा हात थरथरला असता.

मुलगा मराठवाड्यातला, बोलायला गोड आणि कामात काळजीपूर्वक होता. त्याने आजी, आजी म्हणत आईची सगळी हकीकत लिहून घेतली. पोथी ती लाकडी स्टँडवर ठेवून वाचते आणि हल्ली दुपारी ती चष्म्याशिवायच वाचता येते, हे आईने कौतुकाने सांगितलेले वाक्यही त्याने टिपून ठेवले. जुन्या चष्म्याचा डाव्या डोळ्याचा नंबर उणे ०.५० होता. मग त्याने रेटिनोस्कोप घेतला. रेटिनोस्कोपने डोळ्यात प्रकाशाची रेघ फिरवून परत येणाऱ्या प्रकाशाच्या हालचालीवरून नंबर काढतात, आणि तपासणारा ६७ सेंटिमीटरवर बसलेला असेल तर आलेल्या आकड्यातून त्या अंतराचे १.५० वजा करावे लागतात. उजव्या डोळ्याला त्याने ते वजा केले आणि डाव्याला विसरला. त्यामुळे उणे १.७५ लिहायच्या जागी कागदावर उणे ०.२५ आले. ते जुन्या नंबराच्या जवळपास असल्याने त्याला शंकाही आली नाही. ट्रायल फ्रेममध्ये, म्हणजे भिंगे बदलून पाहायच्या तपासणीच्या चष्म्यात, ते भिंग घालून त्याने तक्ता वाचायला सांगितला, तर आई ६/२४ च्या, म्हणजे वरच्या मोठ्या अक्षरांच्या ओळीवर अडकली. त्याने आणखी उणे ०.२५ चे भिंग धरून ‘आता बरं दिसतंय का’ असे विचारले, आईने ‘तसंच दिसतंय’ म्हटले आणि त्याने शेऱ्यात लिहिले की डाव्या डोळ्यातील सुरुवातीच्या मोतीबिंदूमुळे याहून अधिक दिसणार नाही.

ही चूक माझ्या चांगली ओळखीची आहे. मोतीबिंदू डोळ्यात दिसतच असतो, त्यामुळे कमी दिसण्याचे सगळे कारण त्याच्यावर टाकणे नवशिक्याला सोपे जाते. पर्यवेक्षक मॅडम इतका वेळ मागच्या स्टुलावर, त्याचा हात आणि तक्ता दोन्ही दिसतील अशा जागी बसलेल्या होत्या. रेटिनोस्कोप हातात घेऊन त्यांनी दोन मिनिटांत नंबर काढला असता तरी आईचे काम झाले असते, पण त्यांनी फक्त विचारले, ‘पिनहोल लावून पाहिलंस का रे?’ त्याने बारीक छिद्राची तबकडी डोळ्यासमोर धरली आणि आई ६/९ पर्यंत, म्हणजे खालच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचत गेली. छिद्रातून एवढे दिसते, याचा अर्थ भिंगाने सुधारण्यासारखा नंबर अजून शिल्लक आहे. मग मॅडम म्हणाल्या, ‘आजी पोथीबद्दल काय म्हणाल्या, ते तुझ्याच कागदावर वाच.’ त्याने वाचले आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. मोतीबिंदूचा गाभा घट्ट होऊ लागला, की डोळ्याचा नंबर उणेकडे सरकतो आणि जवळचे चष्म्याशिवाय दिसू लागते. आईचा आनंदच खरे तर लक्षण होते. वजाबाकी राहून गेल्याचे त्याला आपले आपणच सापडले. मॅडमनी त्यावर एकच गोष्ट शिकवली, की दृष्टी जितकी मंद तितकी भिंगाची पायरी मोठी घ्यावी, कारण ६/२४ वर अडकलेल्या माणसाला पाव नंबराचा फरक जाणवतच नाही आणि त्याचे ‘तसंच दिसतंय’ हे उत्तर प्रामाणिक असूनही आपल्याला फसवते.

हे सगळे होत असताना आईला एकदाही आपल्यावर काही चुकीचे होत आहे असे वाटले नाही. मॅडमचा आवाज चढला नाही आणि तो मुलगाही ओशाळला नाही. उणे १.७५ पक्के झाल्यावर मात्र मॅडमनी स्वतः रेटिनोस्कोप घेऊन त्या भिंगावरून अर्धे मिनिट खात्री करून घेतली आणि मगच केसपेपरवर सही केली. माझ्या मते पर्यवेक्षणाचे सगळे मर्म या दोन कृतींत आहे. शिकणाऱ्याला विचार करायला लावणारा प्रश्न त्याच्यासाठी असतो आणि शेवटची स्वतःच्या डोळ्यांनी केलेली पडताळणी रुग्णासाठी असते. माझ्या उमेदीच्या वर्षांत मी मुलांच्या हातातून उपकरण फार लवकर काढून घेत असे, आणि त्यातून ती मुले माझा वेग पाहायला शिकली, तपासायला शिकली नाहीत.

वाचनाचा नंबरही असाच अंदाजाने दिला गेला नाही. ७२ वर्षे वय म्हणजे अडीचचा वाढीव नंबर, असे सरधोपट लिहिण्यापूर्वी मुलाने आईला पोथी जेथे ठेवते तेवढ्या अंतरावर कागद धरायला लावला आणि टेपने मोजले. ५० सेंटिमीटर भरले, म्हणून वाढीव नंबर २.०० आला. बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर, डोळ्यातील पाण्याचा निचरा होणारा कोन पुरेसा उघडा आहे ना, हे त्याने पाहिले आणि मॅडमनाही दाखवले. कोन अरुंद असलेल्या डोळ्यात ते थेंब दाब एकाएकी वाढवू शकतात, म्हणून ही पायरी कितीही गर्दी असली तरी वगळता येत नाही. पडदा शेवटी नेत्रतज्ज्ञांनी तपासला.

आता तक्रारीची बाब. भाचीला मी एका शनिवारी नेले. त्या दिवशी शाळेतील तपासणीतून पाठवलेली मुले मोठ्या संख्येने आली होती, नेहमीच्या मॅडम नव्हत्या आणि आठ इंटर्नवर एकच पर्यवेक्षक होते. भाचीला आपोआप नंबर काढणाऱ्या मशीनवर उणे १.०० नंबर आला, इंटर्नने तोच उतरवला आणि पर्यवेक्षकांनी भाचीकडे मान वर करूनही न पाहता सही केली. लहान मुले मशीनमध्ये पाहताना डोळ्यांवर ताण देतात आणि नसलेला उणे नंबर दाखवतात. डोळ्याचे स्नायू सैल करणारे थेंब घालून तपासल्याशिवाय अशा मुलाला पहिला चष्मा देऊ नये, हे आमच्या शिक्षणात वारंवार बजावले जाते. मी तेव्हा माझी ओळख सांगून थेंबांची विनंती केली. उत्तर मिळाले की आज वेळ नाही, सोमवारी या. सोमवारी थेंब घालून पाऊण तासाने तपासले, तेव्हा नंबर अधिक ०.५० निघाला आणि त्या वयात तेवढ्याला चष्मा लागत नाही. माझ्यासारखा कोणी सोबत नसलेल्या किती पालकांनी त्या शनिवारी चष्म्याचे पैसे भरले असतील, या विचाराने मी फार अस्वस्थ झालो. त्या इंटर्नचा दोष मी धरत नाही. चूक पकडणारा माणूस जागेवर असेल या भरवशावरच त्याला रुग्णासमोर बसवलेले असते.

मी व्यवस्थापनाला लेखी कळवले. सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या २०२१ च्या कायद्याने ऑप्टोमेट्रीला आरोग्यसेवेतील व्यवसाय म्हणून स्थान दिले आहे, तेव्हा केसपेपरवरच्या सहीमागे प्रत्यक्ष तपासणी असलीच पाहिजे, असे त्यात लिहिले. उत्तर सभ्य आले आणि शनिवारी दुसरा पर्यवेक्षक नेमू असे सांगितले आहे. तो नेमला गेला का, हे मी जाऊन पाहिलेले नाही.

ज्यांच्याकडे दोन तास आहेत त्यांनी या ओपीडीत आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अवश्य जावे. जुना चष्मा आणि जुने कागद सोबत न्यावेत, थेंबांमुळे काही तास अंधूक दिसते म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नये, आणि ‘मॅडम स्वतः पाहणार आहेत ना’ हे निःसंकोच विचारावे. खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. लहान मुलांना शनिवारी नेऊ नये. आईचा नवा चष्मा तिला उत्तम बसला आहे आणि डाव्या डोळ्याची पुढची तपासणी सहा महिन्यांनी, मंगळवारी, त्याच मॅडमकडे ठरवली आहे.