बारा इंची जातं, लिहिणाऱ्याच्या नजरेतून

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात शोभेला ठेवायची जाती आता ऑनलाइन ढिगाने मिळतात. हा आढावा त्यांचा नाही. खरोखर दळता येईल असं काळ्या दगडाचं, १२ इंच व्यासाचं साधं जातं कथा-कादंबरी लिहिणाऱ्याच्या किती उपयोगाचं, एवढाच इथे प्रश्न आहे. पात्र उभं करायला त्याला एखादं अंगमेहनतीचं काम द्यावं, हा सल्ला सगळेच देतात. पण ते काम स्वतःच्या हाताला माहीत नसेल तर पात्राच्या कपाळावर घामाचे थेंब येतात आणि तिथेच सगळं संपतं.

आधी माप. १२ इंच व्यास आणि ३ इंच जाडी असलेला बेसॉल्टचा एक दगड साधारण १६ किलो भरतो, म्हणजे जोडी तीस किलोंच्या वर गेली. ८ इंची जातं हलकं पडतं. ते मनगटावर फिरतं, खांदा आणि कंबर कामाला लागतच नाहीत, आणि आपल्याला तर नेमके तेच कामाला लावायचे असतात. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. मधली खीळ खालच्या दगडात घट्ट हवी. वरचा दगड फिरवताना डुगडुगता कामा नये. खुंटा, म्हणजे फिरवायचा लाकडी दांडा, वीतभर तरी उंच हवा, नाहीतर बोटांची पेरं दगडावर सोलवटतात. खुंटा सैल झाला तर चिंधी गुंडाळून ठोकून बसवायचा. खाली दुहेरी पोतं घालावं. नाहीतर गुळगुळीत फरशीवर अख्खं जातंच सरकत फिरतं. फ्लॅटमध्ये पोत्याखाली रबरी चटईही लागते, कारण घरघर खालच्या मजल्यावर पोचते.

नव्या जात्यातून कच निघते. दोन-तीन वेळा मूठ-मूठ जाडे तांदूळ दळून ते पीठ टाकून द्यायचं, मग ज्वारी. धान्य कडकडीत कोरडं हवं. ओल राहिली तर पीठ दगडांच्या मध्ये चिकटतं, वरचा दगड जड होतो आणि नवशिक्याला वाटतं, आपलीच ताकद संपली. घास, म्हणजे जात्याच्या तोंडात एका वेळी घालायचं धान्य, लहान घालावा, पसाभर नाही. तोंडात जास्त कोंबलं तर वरचा दगड उचलला जातो आणि पीठ भरडं पडतं. घास चुकला तर दगडावर दगड घासतो, आवाज कोरडा, खरखरीत होतो आणि पिठात कच उतरते.

लेखकासाठी पैसे वसूल होतात ते या आवाजात. ‘ती रागारागाने जातं फिरवू लागली’ हे वाक्य कुणीही लिहील. त्याऐवजी हे पाहा:

तिनं घास घातलाच नाही. दगडावर दगड फिरत राहिला. ओसरीवरून सासूची हाक आली, “अगं ए, रितं का फिरवतेस?”

‘राग’ हा शब्द कुठेही नाही, तरी दोघी कळतात. सुनेचा हात कळतो, आणि भिंतीआडून आवाज ओळखणारा सासूचा मुरलेला कानही.

याहून मोलाचं म्हणजे दोघींनी एका खुंट्यावर हात ठेवून समोरासमोर दळणं. हे एकदा तरी कुणाला तरी समोर बसवून करावंच. एकीने ओढायचं, दुसरीने ढकलायचं. जी घास घालते तिचा एकच हात खुंट्यावर असतो, पण वेग तिच्या ताब्यात असतो. समोरचीचा हात नुसताच बरोबर फिरतोय की जोर लावतोय, हे न बघता खांद्याला समजतं. नणंद-भावजयीचं अख्खं नातं या एका खुंट्यावर मांडता येतं, संवाद नसला तरी चालेल. संवाद हवा असेल तर तो तुटक ठेवा. जोर लावताना लांब वाक्य तोंडातून निघत नाही. बोलणं हात सैल पडतो त्या अर्ध्या फेऱ्यात बसतं. ओवीचे चरण आखूड का, हेही तिथेच उमगतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. दळताना मन कुठे कुठे जातं, माहेरी, भावाकडे, लेकाकडे, हे बघायला त्याहून मोठा साठा नाही.

सरावासाठी पाव किलो ज्वारी पुरे. एक पाय लांब, एक दुमडलेला, आणि हात बदलत दळायचं. नवशिक्याला वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात. उठल्यावर लगेच लिहून काढावं: आधी काय दुखलं, श्वास कुठे अडला, पीठ कुठवर उडालं. भुवयांवर बसलेलं पीठ आरशात पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही, हाही तपशील कामाचा.

इथेच मोठी चूक होते. लेखक आपलं दुखणं उचलून पात्राला चिकटवतो. दहाव्या वर्षापासून दळणाऱ्या बाईचा खांदा तुमच्यासारखा बोलत नाही. तिला दुसरंच काही खटकेल: पीठ काल-परवापेक्षा जाड येतंय, जात्याला टाकी लावायला झाली (झिजलेला दगड छिन्नीने पुन्हा खडबडीत करायला हवा), पाथरवट अजून फिरकला नाही. तुमचा ठणका शहरातून आलेल्या नव्या सुनेला द्या. मुरलेल्या पात्राला तिची पारख द्या. ही पारख जातं विकत घेऊन मिळत नाही, दळलेल्या बायकांना विचारूनच मिळते. या वस्तूची मर्यादा ती एवढीच.

काळाचंही भान हवं. गावात पिठाची गिरणी असताना पात्र जात्यावर दळत असेल, तर तसं कारण कथेत लागतं: गिरणीला द्यायला पैसे नाहीत, वीज नाही, नाहीतर लग्नघरात हळदीसाठी जातं पुजलंय. मेतकूट किंवा डाळीचा भरडा असेल तर प्रश्नच नाही. भरड्याला खिळीभोवती चिंधीची चुंबळ घालून वरचा दगड किंचित उचलून घेतात.

पर्याय म्हणून पाटा-वरवंटा स्वस्त आणि सुटसुटीत आहे, पण त्यावर एकटंच माणूस बसतं. उखळ-मुसळ फ्लॅटमध्ये विसराच.

घ्यायचंच असेल तर पाथरवटाकडूनच घ्या आणि टाकी लावायला तो पुन्हा केव्हा येईल ते पैसे देण्याआधी ठरवून घ्या. कुरिअरने मागवलेल्या जात्याचा वरचा दगड कडेला टवका उडून येऊ शकतो, आणि तीस किलोंचं पार्सल परत पाठवायचा खर्च कुणाच्या माथी, ते मागवण्याआधीच विचारलेलं बरं.